ईदचा जोडा आणि फिरते ऋतू

आमच्या घरी वर्षातून एकदाच पायातले नवे येई, ते रमजान ईदला. दुकानाकडे निघताना दादी अब्बांना एकच गोष्ट बजावी : "ईद कौनसे हंगाम में है, वो देख के जोडा ले." लहानपणी मला यात काही विशेष वाटत नसे. पुढे शाळेत शिकवू लागले, जुनी कागदपत्रे चाळायचा नाद लागला, तेव्हा समजले की दादीच्या त्या एका वाक्यात चौदाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. सूर्याच्या वर्षाहून ते दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ईद दरवर्षी तेवढी मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून एक फेरी मारून येते. हिंदू पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण तिथे सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून हिशेब सूर्याशी जुळवून घेतात. आमच्या भागात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जावयाची चंगळ असते. इस्लामपूर्व अरबस्तानातही असाच महिना वाढवण्याची किंवा पुढेमागे करण्याची चाल होती. तिला 'नसी' म्हणत. कुरआनच्या सूरे तौबामध्ये तिला मनाई झाली आणि तेव्हापासून मुसलमानांचे महिने ऋतूंपासून सुटले. नावे मात्र ऋतूंचीच राहिली. रमजान या शब्दाच्या मुळाशी होरपळणारे ऊन आहे, आणि रबीउल अव्वल म्हणजे पहिला वसंत. थंडीत आलेल्या रमजानलाही आपण 'होरपळ' म्हणत असतो, हे वर्गात सांगितले की मुले हसतात.

राज्यकर्त्यांना मात्र ही मोकळीक परवडणारी नव्हती. सारा पिकावर असतो आणि पीक पावसावर. चंद्राच्या वर्षाने वसुली केली तर तेहतीस वर्षांत शेतकऱ्याकडून एक सारा जास्तीचा मागितला जाणार. अकबराने फसली सन सुरू केला तो यासाठी. दख्खनमध्ये त्याच्याही आधी शुहूर सन होता. मुहंमद तुघलकाच्या काळात, सुमारे १३४४ पासून तो चालू झाला असे मानतात. नाव अरबी, आकडे अरबी, पण वर्ष बदलायचे ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. बहमनी गेले, आदिलशाही गेली, पण पेशव्यांच्या पत्रांतही हाच सन चालत राहिला. इहिदे, इसन्ने, सल्लास, अर्बा, खमस... मराठी कागदात हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चकितच झाले. उर्दू शाळेत अरबी आकड्यांची ओळख झालेली असल्याने मला ते सहज कळले, आणि शेजारी बसलेल्या इतिहासाच्या पदवीधराला मीच ते समजावून सांगितले! या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. मिरगाच्या पहिल्या पावसाबरोबर बदलणारे अरबी वर्ष हा या मातीतच घडलेला प्रकार आहे. खरीप, रब्बी, हंगाम, मोसम हे शब्दही अरबी-फारसीतूनच आले आणि आता ते परके आहेत असे कोणा शेतकऱ्याला वाटत नाही.

म्हणजे पिकाचे वर्ष मिरगाला बांधलेले आणि सणाचे वर्ष मोकळे. एकाच कुटुंबाला दोन्ही सांभाळायची. पायातल्या जोड्याचा प्रश्न इथे येतो.

ईदला आंघोळ करावी, असतील त्यातले चांगले कपडे घालावेत, अत्तर लावावे, अशी रीत आहे. चांगले म्हणजे महाग असा अर्थ नाही. प्रेषित मुहंमद (स.) स्वतःची पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, असे हजरत आयेशांनी सांगितल्याचे हदीसमध्ये येते. त्यांच्या पादत्राणाला दोन पट्टे असत, उजवा पाय आधी घालावा आणि काढताना डावा आधी काढावा, इतके बारीक तपशील जपले गेले आहेत. नमाज पढून बाहेर आल्यावर दुसऱ्याचा जोडा पायात घालून कोणी जाऊ नये याबद्दलही एखादी चार ओळींची सूचना भिंतीवर हवी, असे मला दर ईदला वाटते.

दक्षिण महाराष्ट्रातला पायातला खरा नग म्हणजे पायताण. कोल्हापुरी हे नाव बाहेरच्या बाजारातले. इकडे जुनी माणसे पायताणच म्हणत, आणि गावावरून, घडणीवरून कापशी, कुरुंदवाडी, पुकरी अशी नावे घेत. शब्दांचाही एक बाजारच आहे. वहाण संस्कृतातून आली, पैजार आणि मोजे फारसीतून, सपाता पोर्तुगिजांकडून, बूट इंग्रजांकडून. पायजमा हा शब्दसुद्धा 'पाय' आणि 'जामा' या फारसी शब्दांचा. पैजारेचा उपयोग मराठीत घालण्यापेक्षा मारण्यासाठीच जास्त झालेला दिसतो.

पायताण एकट्याच्या हातून होत नसे. जनावराचे कातडे खाटीक-मुलाण्यांकडून किंवा मेलेल्या जनावराचे निघे. ते ढोर समाजाकडे कमवायला जाई. चुन्यात भिजवायचे, केस काढायचे, मग कातडे पिशवीसारखे शिवून त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचे पाणी भरून टांगायचे. ते पाणी झिरपत झिरपत कातडे पक्के होई. मग चर्मकार रापीने तळ कापी, आरीने भोके पाडी, वादीने शिवी. अस्सल पायताणात खिळा नसतो. चर्मकाराच्या रापीला धार लावून देणारा कित्येकदा शिकलगार असे. गावगाड्यात या लोकांना कुठे बसवले होते आणि त्यांच्या हातचे पाणी कोण पीत नव्हते, हे सांगायला नको. ज्याचे पायताण कर्रकर्र वाजवीत पाटील चावडीवर येई, त्या करणाऱ्याला चावडीची पायरी बंद होती. कोल्हापुरात १८९४ ते १९२२ राज्य केलेल्या शाहू महाराजांनी या कारागिरीला आधार दिला, आणि जातीच्या या भिंतीलाही हात घातला. आमच्यातले काही लोक इस्लाममध्ये जात नाही असे म्हणून या भानगडीतून अंग काढून घेतात. पण मुलाणी, बागवान, अत्तार, तांबोळी, मणेर, पिंजारी, शिकलगार ही आडनावे आमचीच आहेत, आणि सोयरीक ठरवताना ती अजून विचारली जातात.

हे धंदेही ऋतूप्रमाणे चालत. पिंजाऱ्याला काम थंडीच्या तोंडावर, गाद्या-रजया भरायच्या असत तेव्हा. अत्ताराचे दिवस जत्रा-उरुसाचे आणि ईदचे. पायताणाची खरेदी सुगीनंतर, हातात पैसा आल्यावर. कोल्हापुरी हा मुळी कोरड्या दिवसांचा माल आहे. नवे पायताण पायाला लागते, मग त्याला तेल पाजायचे, आठ दिवस लंगडत चालायचे, मग ते पायासारखेच होते. पण पावसात भिजले की फुगते, बुरशी धरते, वादी सुटते. मिरग लागला की दादाजी आपले पायताण तेल लावून आढ्याला टांगीत आणि दसऱ्याला खाली काढीत. मधले चार महिने अनवाणी, अंगावर घोंगडी. विट्याचा पाऊस तो केवढा, खानापूर तालुका दुष्काळीच, तरी हा नेम मोडत नसे.

आता ईद पावसाळ्यात आली तर? १९४७ साली रमजान ईद १८ ऑगस्टला होती. देश स्वतंत्र होऊन तीनच दिवस झाले होते. कापड १९४३ पासून कंट्रोलमध्ये. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला आणि १९६० ला त्याचे नाव सांगली पडले. याच जिल्ह्यात त्याआधी नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले होते. लोक त्याला पत्री सरकार म्हणत, म्हणजे बैलाच्या खुराला मारतात तशी पत्री गुन्हेगाराच्या पायाला ठोकतात अशी समजूत होती. प्रत्यक्षात शिक्षा तळपायावर काठ्या मारण्याची असे. तर त्या ईदला दादाजी लहान होते. उत्तरेकडच्या कत्तलींच्या बातम्या गावात पोचल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी आढ्याचे पायताण काढले, पोराला खांद्यावर घेतले आणि चिखलातून ईदगाहला नेले. पायताण हातात होते. ईदगाहच्या कडेला पाय धुऊन त्यांनी ते घातले आणि चार पावलांवर नमाजाच्या सफेपाशी पुन्हा काढले. चार पावलांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मी दादाजींना विचारले होते. ते म्हणाले, "उस दिन लोगां देख रहे थे ना."

अंगावर काय होते? धोतर, सदरा, डोक्याला पटका. दादीच्या अंगावर शेवटपर्यंत लुगडे होते. मुसलमान म्हटला की शेरवानी आणि जाळीची टोपी हे चित्र सिनेमाने रंगवले. आमच्याकडच्या खेड्यांत शेरवानी नवरदेवालाही भाड्याने आणावी लागे. पुढे शहरातून आणि आखातातून आलेल्या पैशाबरोबर पठाणी आणि बुरखा आला, वरच्या इयत्तेतल्या मुलींत सलवार-कमीज आली. आमच्या विट्याचे गलाईवाले सोने-चांदी गाळायला देशभर पसरलेले. ते गावी आले की तिकडच्या चपला, तिकडची कापडे घेऊन येत, आणि कोणती फॅशन चालू आहे ते आम्हाला पुण्या-मुंबईआधी त्यांच्याकडून कळे. यंत्रमागाच्या गावात राहूनही नेसायचे कापड मात्र बाहेरूनच आणायचे, ही आमची जुनी रीत आहे.

तेहतीस वर्षांची फेरी मी माझ्या पायातल्या जोड्यांवरून मोजू शकते. २००० साली रमजान ईद दोनदा आली, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा. आम्ही भावंडांनी दोन जोडे मिळणार म्हणून नाचून घेतले. अब्बा म्हणाले, पगार बारा महिन्यांचेच आहेत, तुमचे चांद तेरा झाले म्हणून काय करू? दुसऱ्या ईदला जानेवारीचेच कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करून घातले. नमाजाहून येईपर्यंत खडू पायजम्याला लागला होता. २००४, ०५ आणि ०६ अशी तीन वर्षे ईद दिवाळीला लागून आली. दिवाळी अमावास्येची, ईद चंद्रकोरीची, त्यामुळे ती भाऊबीजेच्या आसपासच पडली. दुकाने दोघांसाठी एकदम भरलेली, आणि चर्मकाराच्या दुकानापुढच्या पाटावर आम्ही आणि शेजारच्या काकू मांडीला मांडी लावून बसलेल्या. माझे पहिले कोल्हापुरी तेव्हाचे. दिवस कोरडे होते, म्हणून दादीने मंजूर केले. मग २०१३ पासून पाच-सहा ईदा पावसाच्या आल्या आणि त्या सगळ्या मी प्लास्टिकच्या सँडलमध्ये काढल्या. त्याच मधल्या काळात, मार्च २०१५ मध्ये, राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीची बंदी १९७६ च्या कायद्यापासून होतीच. कातडे मिळेना, मिळाले तर महाग, आणि नेणाऱ्याला वाटेत अडवले जाण्याची भीती. खाटकापासून चर्मकारापर्यंतची साखळी एका टोकाला तुटली की दुसऱ्या टोकाच्या माणसाचाही हात थांबतो. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पायातल्या पायताणाकडे पाहिले असेल असे वाटत नाही.

२०२० ची ईद २५ मेला आली, टाळेबंदीत. नमाज घरात, जोडा कोणी घेतलाच नाही.

कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१८-१९ मध्ये. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. म्हणजे नाव कोल्हापूरचे, पण हक्क आमचाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने याच घडणीच्या चपला नाव न घेता दाखवल्या, इकडे गदारोळ झाला, मग कंपनीने मूळ मान्य केले आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. वर्तमानपत्रांत किंमत वाचून आमच्या शिक्षककक्षात बराच वेळ कोणी बोलले नाही.

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि ईद ३१ ला. पाडव्याच्या संध्याकाळी बाजारात साखरेच्या गाठी आणि शेवया एकाच गाडीवर होत्या. मी मुलीला घेऊन चपलेच्या दुकानात गेले. तिला जाड तळाचे, दिव्यांचे बूट हवे होते. उन्हाळा तोंडावर आलेला. मी कोल्हापुरी दाखवली, तिने पायात घातली, दोन पावले टाकली आणि "चावते" म्हणून काढून ठेवली. दुकानदार म्हातारा. तो म्हणाला, "बाई, तेल पाजून देतो, उद्या नमाजाहून यीपर्यंत बसंल पायात." मग बोटांवर मोजून त्याने विचारले, "पुढची ईद याच्याआधी धा दिवस ना? मग पावसाची ईद लांब हाय अजून. घ्या." मी दोन्ही घेतले. दिव्यांच्या बुटांचे पैसे आईने दिले असे तिने घरी सांगायचे, आणि कोल्हापुरीचे मी दादीच्या नावावर मांडले.