ओव्हरड्राइव्ह (जीप)

ओव्हरड्राइव्ह म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात वाहनाच्या प्रॉपेलर शाफ्टला एकाहून अधिक फेरे देणारी गिअररचना. आधुनिक वाहनांत ती गिअरपेटीतच पाचव्या किंवा सहाव्या गिअरच्या रूपाने असते. विलीज आणि महिंद्र यांच्या जुन्या चारचाकी-चालन जीपमध्ये ती मुळात नव्हती. अशा जीपमध्ये ती ट्रान्स्फर केसच्या मागे स्वतंत्र युनिट म्हणून बसवता येते. या लेखात मुख्यत्वे त्या युनिटाची माहिती आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर विलीज कंपनीने जीप नागरी बाजारात आणली ती शेतीचे वाहन म्हणून. नांगर ओढणे, पट्ट्यावर यंत्र फिरवणे आणि माल वाहणे ही कामे तिच्याकडून अपेक्षित होती. त्यामुळे युद्धकालीन एम.बी. जीपचे ४.८८ हे अॅक्सलचे गुणोत्तर नागरी सी.जे. मालिकेत ५.३८ करण्यात आले. ओढ वाढली, पण वेग घटला. महिंद्रने मुंबईत जोडलेल्या व पुढे भारतातच तयार केलेल्या सी.जे.-३बी जीपने हाच वारसा घेतला. तिच्या तीन गिअरच्या टी-९० पेटीत तिसरा गिअर थेट, म्हणजे १:१ होता. त्याच्या वर काहीच नव्हते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरसारख्या भागात या रचनेचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट दिसतात. भंडारदरा धरण (१९२६) आणि प्रवरा कालवे यांमुळे येथे ऊस आला. उसाच्या फडाकडे आणि कालव्याकडेने जाणारे काळ्या मातीचे रस्ते पावसात चिकट होतात, आणि तेथे लो रेंजमधील जीप निर्धास्त चालते. तीच जीप सपाट, सरळ डांबरी रस्त्याने शिर्डी किंवा अहिल्यानगरकडे निघाली की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडू लागते.

वेग आणि फेरे

६.००-१६ मापाच्या टायरचा भरल्या वाहनातील परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर ताशी ६० किमी वेगाला ५.३८ अॅक्सलच्या जीपचे इंजिन मिनिटाला सुमारे २,४५० फेरे घेते. ताशी ८० किमीला हा आकडा ३,२६० च्या आसपास जातो. विलीजच्या चार सिलिंडरी इंजिनाचा स्ट्रोक सुमारे १११ मिमी, म्हणजे बोअरपेक्षा बराच लांब आहे. त्यामुळे ८० च्या वेगाला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर होतो. असे इंजिन थोडा वेळ हे सहन करते, परंतु तासन्‌तास त्याच फेऱ्यांवर चालवण्यासाठी ते घडवलेले नाही.

ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तर ०.७५ असल्यास फेरे २५ टक्क्यांनी घटतात. म्हणजे ८० च्या वेगाला इंजिन पूर्वीच्या ६० इतकेच फिरते. आवाज, कंप आणि झीज यांतील फरक यातूनच येतो. इंधनाची बचत मात्र गृहीत धरू नये. जीपचा उभा, चौकोनी आकार हवेला मोठा अडथळा करतो. कमी झालेल्या फेऱ्यांचा उपयोग अधिक वेगासाठी केला, तर वाचलेले पेट्रोल तेथेच खर्ची पडते.

रचना

जीपची स्पायसर १८ ट्रान्स्फर केस गिअरपेटीच्या मागे असते, आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट तिच्यातून एका बाजूला सरकून निघतात. गिअरपेटीच्या मुख्य शाफ्टच्या रेषेत मागे पी.टी.ओ.साठी ठेवलेले तोंड असते. ओव्हरड्राइव्ह युनिट याच तोंडावर बसते. मुख्य शाफ्टवरील मूळ दातेरी चाक काढून त्या जागी युनिटाचे चाक येते. पुढे इंजिनाची गती आधी युनिटातून व मग ट्रान्स्फर केसमध्ये जाते. फ्री-व्हील हब आणि विंच यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील वॉर्न कंपनीचे युनिट या प्रकारातले सर्वांत परिचित होय. ब्रिटनमध्ये लँड रोव्हरसाठी फेअरी कंपनीने याच कल्पनेवर युनिट काढले. त्याने वेग २७.८ टक्के वाढतो.

युनिटाची जागा महत्त्वाची आहे. गती पुढच्या व मागच्या अॅक्सलमध्ये विभागली जाण्यापूर्वीच बदलत असल्याने दोन्हींचे फेरे समान राहतात. फक्त मागच्या शाफ्टवर वेग वाढवणारे साधन बसवले, तर चारचाकी चालन जोडताच पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढू लागतील आणि दाते किंवा शाफ्ट तुटतील. स्पीडोमीटरची गती ट्रान्स्फर केसच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून घेतलेली असल्याने त्यावर ओव्हरड्राइव्हचा परिणाम होत नाही.

युनिट प्रत्येक गिअरमध्ये जोडता येते. त्यामुळे २.८०, १.५५ आणि १.०० या तीन गुणोत्तरांच्या जोडीला २.१०, १.१६ आणि ०.७५ अशी आणखी तीन मिळतात. यांतील १.१६ हे दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमधील मोठी पोकळी भरते, आणि अनुभवी चालकास ते ०.७५ इतकेच उपयोगी वाटते. संगमनेरहून पुण्याच्या दिशेने चंदनापुरी घाट चढताना तिसरा गिअर दम तोडतो व दुसरा वायफळ फिरतो. तेथे हा मधला टप्पा कामी येतो. घाट उतरताना मात्र ओव्हरड्राइव्ह काढलेला असावा, कारण त्याने इंजिनाची रोध धरण्याची शक्ती कमी होते आणि सगळा भार ड्रम ब्रेकवर पडतो.

बसवणी

प्रथम जीपला ट्रान्स्फर केस आहे की नाही हे पाहावे लागते. महिंद्रच्या जीपसारख्या दिसणाऱ्या अनेक गाड्या केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. त्यांना हे युनिट लागत नाही. त्यानंतर मुख्य शाफ्टवरील चाकाचे दात मोजतात. ते २६ किंवा २९ असू शकतात आणि युनिट त्यानुसारच घ्यावे लागते. ट्रान्स्फर केसमधील ऑइल काढून मागचे झाकण, नट आणि जुने चाक काढले जाते. या वेळी बेअरिंग व दात तपासून घेणे शहाणपणाचे, कारण झिजलेल्या ट्रान्स्फर केसवर नवे युनिट बसवल्यास आवाज वाढतो आणि दोष भलत्याच भागाला लागतो. प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागत नाही. फळीला भोक पाडून तरफ वर काढली जाते. पी.टी.ओ.चे तोंड व्यापले गेल्याने त्यावर चालणारी अवजारे वापरता येत नाहीत.

पर्याय

दोन्ही अॅक्सलचे क्राउन-पिनियन बदलून ५.३८ ऐवजी ४.८८ केल्यास फेरे सुमारे ९ टक्के घटतात. पण मग चिखलातली ओढही तेवढीच कायमची कमी होते, आणि स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. भारतात अधिक रूढ मार्ग म्हणजे महिंद्रच्याच पुढच्या गाड्यांतील पाच गिअरची पेटी बसवणे. सुटे भाग जवळ मिळतात, हा त्याचा मोठा फायदा. परंतु पेटीची लांबी वेगळी असल्यास माउंटिंग आणि प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही बदलावे लागतात, सी.जे.-३बीचा व्हीलबेस ८० इंचच असल्याने मागचा शाफ्ट आखूड होऊन त्याचा कोन तीव्र होतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, असे या कलमाचे स्पष्टीकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये विनापरवाना बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. गिअरचे गुणोत्तर सामान्यतः नोंदणी प्रमाणपत्रावर नसते. तरीही काम करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करणे इष्ट ठरते. श्रीरामपूर विभागातील ‘एमएच-१७’ क्रमांकाच्या वाहनांसाठी हे काम श्रीरामपूरचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय पाहते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागत असल्याने जुनी जीप तपासणीसाठी पुन्हा पुन्हा निरीक्षकासमोर जाते.