कोरी तबकडी आणि तिची पारख

गाणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळांनी लिहिला आहे. पण गाणे ज्या वस्तूवर उतरवून ठेवले गेले, त्या वस्तूचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आज मी अशाच एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे कोरी सीडी. विसावे शतक संपता संपता आणि त्यानंतरच्या दशकात आपल्याकडील अनेक घरांनी स्पूल व कॅसेटी यांवरच्या मैफली या तबकड्यांवर हलविल्या. मूळ फिती मग माळ्यावर गेल्या, काहींच्या तर रद्दीतही. तबकडी टिकाऊ होती की नाही, हा प्रश्न अशा घरांपुरता नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही.

तसा हा प्रश्न सीडीहून जुना आहे. १९३४ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा लेप दिलेल्या कोऱ्या तबकड्या पाश्चात्त्य देशांत प्रचारात आल्या. सुईने लेपात खाच कोरायची आणि तीच तबकडी लागलीच वाजवून ऐकायची, अशी ही सोय होती. लेप मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल मिसळीत. महायुद्धात ॲल्युमिनियम दुर्मिळ झाले, तेव्हा काचेवर लेप देऊन काम भागविले. पुढे वर्षे लोटली तसे एरंडेलाचे विघटन होऊन पृष्ठावर पांढरी भुकटी दिसू लागली, लेप आकसला आणि त्याचे पापुद्रे सुटू लागले. अमेरिकेतील व युरोपातील संग्रहालयांत अशा तबकड्यांवरचा आवाज वाचविण्याचे काम अनेक वर्षे करावे लागले. विकत घेताना दिसणारा गुण आणि वीस वर्षांनी प्रत्ययास येणारा गुण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच कळून चुकले होते.

सीडी बाजारात आली ती १ ऑक्टोबर १९८२ रोजी, जपानमध्ये. कारखान्यात तयार होणाऱ्या सीडीमध्ये प्लॅस्टिकच्या चकतीवर अतिसूक्ष्म खळगे ठशाने उठविलेले असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा आरसा असतो. ठसा एकदाच उठतो. घरी बसून तो उठविता येत नाही. एकदाच लिहिता येतील अशा प्रकाशीय तबकड्या त्यापूर्वीही होत्या, तेव्हा खरी अडचण लिहिण्याची नव्हती. लिहिलेली तबकडी लोकांच्या घरी असलेल्या साध्या सीडी प्लेअरवर वाजली पाहिजे, ही अडचण होती. त्यासाठी तबकडीने आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ७० टक्के भाग परत फेकणे आवश्यक होते. विद्युत्-उपकरणांचे सुटे भाग करणाऱ्या तायो युदेन या जपानी कंपनीतील एमिको हामादा या संशोधक बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हे कोडे सोडविले. प्लॅस्टिकवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर आणि त्याच्या मागे सोन्याचा आरसा, अशी त्यांची रचना होती. लेसरचा तीव्र किरण रंगावर पडला की तेवढी जागा तापून बदलते व तेथून प्रकाश कमी परततो. प्लेअरला वाटते, हा खळगाच आहे! फसवणूकच म्हणायची, पण तिच्यावरच हा सारा व्यवसाय उभा राहिला.

आरंभी हे प्रकरण श्रीमंतांचे आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या संस्थांचेच होते. १९९५ साली ह्युलेट-पॅकार्डने हजार डॉलरांच्या आत लेखनयंत्र विकायला काढले आणि तेथून किमती घसरत गेल्या.

आता पारखीचा मुद्दा. कोऱ्या तबकडीतील रंग मुख्यतः तीन प्रकारचे होते. तायो युदेनचा सायनीन मुळात निळा, सोन्यावर तो हिरवट दिसे. मित्सुई कंपनीने पुढे आणलेला थॅलोसायनीन जवळजवळ बिनरंगी, म्हणून ती तबकडी सोनेरीच दिसे. मित्सुबिशीचा अझो गडद निळा. व्हर्बेटिम या नावाने तो घरोघर गेला. सायनीन उन्हाला भितो, थॅलोसायनीन प्रकाशाला अधिक टिकतो. पण पुढे भाव खाली आणण्यासाठी बहुतेकांनी सोने सोडून चांदी घेतली, आणि चांदीचे काय होते हे आपल्या देवघरातील निरांजने सांगतील. हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत तबकड्या कडक उष्णता, दमट हवा व प्रखर प्रकाश यांत ठेवल्या होत्या. त्यांत थॅलोसायनीन रंग आणि सोने-चांदीच्या मिश्रणाचा आरसा असलेल्या तबकड्या सर्वांत अधिक तग धरून राहिल्या.

परंतु दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हे कसे कळावे? मडके घेताना आपण ते वाजवून घेतो; कोरी तबकडी तशी वाजवून घेता येत नाही. वेष्टनावर नाव असे एका मोठ्या कंपनीचे, आणि आतली तबकडी कधी जपानमधील, कधी तैवानमधील, तर कधी आपल्या नोएडातील कारखान्याची. तेच वेष्टन, तेच नाव, पण सहा महिन्यांनी माल निराळा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार येथे जवळजवळ अक्षरशः घडला. जाणकार मंडळी म्हणून नावाकडे न पाहता वेष्टनावर ‘जपानमध्ये तयार’ ही बारीक ओळ शोधीत. तबकडीच्या कोऱ्या खाचेतच निर्मात्याची खूण सांकेतिक रूपाने नोंदलेली असते. ती संगणकावर वाचता येई, पण अर्थातच वेष्टन फोडल्यानंतर!

आणखी एक गंमत सांगतो. काही तबकड्यांवर ‘संगीतासाठी’ असे ठळकपणे छापलेले असे व त्या महाग असत. पुष्कळांची समजूत अशी की, या अधिक शुद्ध असणार. वस्तुतः त्यामागे अमेरिकेचा १९९२ चा कायदा होता. घरगुती ध्वनिमुद्रणामुळे कलावंतांचे व कंपन्यांचे नुकसान होते, म्हणून अशा कोऱ्या मालावर ३ टक्के आकार बसविला गेला आणि दिवाणखान्यात ठेवायची ध्वनिलेखन यंत्रे केवळ तेवढ्याच तबकड्या स्वीकारतील अशी व्यवस्था झाली. फरक होता तो खाचेतील एका खुणेचा. रंग तोच, आरसाही तोच.

नोएडाचा उल्लेख वर आला. मोझर बेअर ही १९८३ साली सुरू झालेली भारतीय कंपनी एके काळी जगातील मोठ्या तबकडी-उत्पादकांपैकी एक होती. व्हर्बेटिमच्या अझो तबकड्याही तिने केल्या. २०१८ साली तिच्या अवसायनाचा हुकूम निघाला. त्याआधीच, २०१५ साली, खुद्द तायो युदेनने हा धंदा सोडला होता.

या तबकडीचा सर्वांत मोठा दोष मात्र तिच्या गुणातच दडलेला आहे. १९६० साली रीड व सॉलोमन या दोन गणितज्ञांनी चुका दुरुस्त करण्याची एक पद्धत मांडली. सीडी त्या पद्धतीवर चालते. सेकंदाला ७३५० तुकडे वाचले जातात आणि त्यांतील सरासरी २२० पर्यंत सदोष असले तरी मानकाला ते मान्य आहे, कारण ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. कॅसेट बिघडू लागली की खरखरते, आवाज दबतो, आपण सावध होतो. सीडी आतून झिजत असताना स्वच्छ गात राहते आणि मर्यादा ओलांडली की एकदम अडखळते. नुसते वाजवून पाहणे ही म्हणूनच परीक्षा नव्हे. चुका मोजून दाखविणारे यंत्र हवे, आणि ते कितीजणांकडे असणार? २००६ साली युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या केव्हिन ब्रॅडली यांच्या पुस्तिकेत, चाचणीची सोय नसेल तर संग्रहासाठी या तबकड्यांवर विसंबू नये, असाच रोख आहे.

ज्यांच्या कपाटात अशा मैफली आहेत त्यांनी आता काय करावे? तबकडीची चकचकीत बाजू आपण फुलासारखी जपतो, पण नाजूक बाजू वरची, म्हणजे नाव लिहिण्याची! तेथे आरशावर रोगणाचा एक पातळ थर तेवढा असतो. टोकदार पेनाने लिहिले की आरसाच ओरखडतो. कागदी लेबल चिकटविले असेल तर उपटू नये, आरसाही त्याबरोबर येईल. एका यंत्रावर वाचली नाही म्हणून तबकडी फेकू नये. दुसरे यंत्र पुष्कळदा ती वाचते. आणि नक्कल करताना आरंभापासून तपासत बसू नये. सीडी आतून बाहेर लिहिली जाते व बिघाड बहुधा बाहेरच्या कडेने शिरतो, कारण बोटे तेथेच लागतात आणि दमटपणाही तेथूनच येतो. तबकडी भरलेली असेल तर मैफलीतली शेवटची चीज कडेला असते. भैरवी आधी लावून पाहावी.