नातवंडांचं सोनं

सातारा-सांगलीकडे बारशाला आजोळहून बाळलेणं येतं. चांदीचे वाळे, कमरेची साखळी आणि ऐपत असेल तर सोन्याची अंगठी. ही ऐपत भावाबरोबर आक्रसत गेली.

जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटहून शुद्ध दागिने घडवायला बंदी आली, सोनारांचे हात रिकामे झाले. १९६४च्या सुमारास दहा ग्रॅम सोनं शंभर रुपयांच्या आत मिळे. १९९०मध्ये कायदा रद्द झाला, तेव्हा भाव तीन हजारांवर होता. एप्रिल २०२५मध्ये तो लाखावर गेला. साठ वर्षांत हजारपटीहून जास्त वाढ. उसाचा दर असा वाढला नाही, की पेन्शनही नाही.

तरी अंगठी येतेच, कारण जुनं सोनं मोडता येतं. मोडलेलं सोनं गाळून शुद्ध करणारे गलाईवालेही इथलेच. खानापूर-आटपाडी आणि माण-खटावच्या दुष्काळाने त्यांना भारतभरच्या सराफ बाजारांत नेलं.

माझ्या भाचीच्या बारशाला आईने तिच्या आईकडून आलेली बोरमाळ मोडली. एका ग्रॅमची अंगठी झाली, उरलेलं सोनं पुढच्या नातवंडांसाठी ठेवलं. भाव चढला की घरातल्या सोन्याची किंमत वाढली म्हणून आम्ही खूश होतो. नातवंडांचा हा वाढता खर्च मात्र बहुतेक घरांत आजीच्या गळ्यातून आणि हातांतून भागवला जातो. त्याची नोंद कुठल्याच हिशोबात नसते.