आजीची गोष्ट रेडिओवर

आमच्या लहानपणी गोष्ट मिळायची ती आजीच्या कुशीत. मुंबईचं रेडिओ केंद्र तर १९२७ सालीच सुरू झालं होतं; पण खेड्यातल्या आजीला तिथं कोण बोलावणार? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी जनतेच्या मालकीच्या ठरवल्या. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही केंद्र काढायची परवानगी मिळाली. म्हणून आज आजीची गोष्ट आपल्याच बोलीत लागते. आम्ही रानातून परतायच्या आत पोरं शाळेतून येतात, दमलेली, किरकिरी. दप्तर ठेवून, आडवं पडून गोष्ट ऐकली की शांत होतात. पण आजी गेली की तिच्या गोष्टीही जातात. म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही सासूबाईंनाही आणणार, त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करणार.