बंद पाकिटाची कुळकथा
नव्या औषधाच्या चाचणीत ते औषध कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हे डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी ठरवते. ऐकायला निर्दय वाटतं खरं. पण ही रीत आली ती डॉक्टरांच्या दयाळूपणाचाच धसका घेऊन.

दोन गटांची तुलना करणं जुनंच. १८९६-९७ मध्ये कोपनहेगनला डॉक्टर फिबिगर यांनी घटसर्पाचं सीरम एक दिवसाआड दिलं: आज दाखल झालेल्यांना सीरम, उद्याच्यांना नाही. पण या पद्धतीत मेख अशी, की कोणाची पाळी कधी हे आधीच ठाऊक. पोर अत्यवस्थ असेल तर त्याला नेमकं सीरमच्याच दिवशी दाखल करून घ्यायचा मोह कोणाला होणार नाही? आणि एकदा तसं झालं की दोन्ही गट सारखे राहत नाहीत.

यावर तोड काढली संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. त्यांना खरं तर डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या महायुद्धात क्षयाने गाठलं आणि ते राहून गेलं. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांच्यापुढे क्षयच आला. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेतून यायचं, तेही मोजकंच. सगळ्यांना पुरणारच नव्हतं, त्यामुळे काहींना न देण्याची टोचणी जरा कमी. हिल यांनी यादृच्छिक अंकांवरून पाकिटं तयार केली. वर इस्पितळाचं नाव नि क्रमांक, आत एक कार्ड: ‘एस’ म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, ‘सी’ म्हणजे नुसती अंथरुणातली विश्रांती. रुग्ण चाचणीत घ्यायचा हे पक्कं झालं, की मगच मध्यवर्ती कार्यालयात पाकीट फुटायचं. एक्स-रे वाचणाऱ्यांनाही रुग्ण कुठल्या गटातला ते कळू दिलं जात नसे. ‘सी’ गटाला तर आपण चाचणीत आहोत याचाच पत्ता नव्हता! आज कुठलीही नीतिसमिती हे खपवून घेणार नाही.

सहा महिन्यांत ‘एस’मधले ५५ पैकी ४ दगावले, ‘सी’मधले ५२ पैकी १४. औषध लागू पडतं हे दिसलं, पण जंतू पुढे त्याला दाद देत नाहीत, हेही तिथेच उघड झालं. म्हणून जोडीला दुसरी औषधं आली.

१९५६ मध्ये मद्रासला प्रश्न निराळा होता: रोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवायलाच हवं का? १९३ रुग्ण अशाच चिठ्ठीने दोन गटांत वाटले गेले. काही सॅनेटोरियममध्ये, काही आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषधं दोन्हीकडे तीच. वर्षाअखेर गुण जवळपास सारखाच, आणि घरच्यांमध्येही क्षय जास्त आढळला नाही. क्षयाच्या गोळ्या घरी राहून घ्यायची वाट जगभर मोकळी झाली ती या निकालानंतर.