मनोरुग्ण-परिचर्या व बालपणीचा अत्याचार : विश्वाससंपादनाच्या इतिहासातील दोन प्रवाह

बालपणी अत्याचार सोसलेल्या प्रौढ रुग्णाचा विश्वास संपादन करणे हे आज मनोरुग्ण-परिचर्येचे प्रमुख कर्तव्य मानले जाते. या कर्तव्याचा इतिहास पाहता असे दिसते की, विश्वासाची पद्धती आधी सिद्ध झाली. ज्या दुःखाला तिची सर्वाधिक गरज होती त्याची मान्यता मात्र मागाहून आली.

पद्धतीचे श्रेय मुख्यतः अमेरिकन परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लॉ (१९०९-१९९९) यांना दिले पाहिजे. त्यांचा 'इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग' हा ग्रंथ १९४८ मध्येच लिहून झाला होता. परंतु डॉक्टर सहलेखक नसताना परिचारिकेने ग्रंथ प्रसिद्ध करावा, ही कल्पना त्या काळी रुचण्यासारखी नव्हती. तो १९५२ साली प्रकाशित झाला. परिचारिका व रुग्ण यांचा संबंध हेच उपचाराचे साधन होय, असे प्रतिपादन त्यात आहे. आरंभी परिचारिका रुग्णाला परकीच असते, हेही पेप्लॉ यांनी स्पष्ट केले. अर्थात, विश्वास अधिकारपदाबरोबर आपोआप येत नाही.

दुसरा प्रवाह खंडित आहे. फ्रॉइड यांनी १८९६ मध्ये उन्मादाचे मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात असल्याचे मांडले व १८९७ मध्ये ते मत सोडले. फेरेंत्सी यांनी १९३२ साली तोच विषय पुन्हा उपस्थित केला, तेव्हा त्यांना सहकाऱ्यांचा विरोध सोसावा लागला. केंप व त्यांचे सहकारी यांच्या १९६२ च्या लेखाने मुलांना होणाऱ्या मारहाणीकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. ज्यूडिथ हर्मन यांच्या १९८१ व १९९२ च्या ग्रंथांनी प्रौढ वयातील परिणामांचे विवेचन केले. सुरक्षितता ही बरे होण्याची पहिली पायरी, असे हर्मन यांचे मत आहे.

या दोन प्रवाहांच्या संगमातून परिचर्येपुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. ज्याने सांभाळ करावयाचा त्यानेच घात केला असेल, तर सांभाळणाऱ्याची जवळीकच संशयास्पद ठरते. बळाने जखडणे, कुलूपबंद खोली, न विचारता केलेला स्पर्श यांत रुग्णाला जुन्याच प्रसंगाची पुनरावृत्ती भासते. म्हणूनच स्पर्शापूर्वी अनुमती घेणे, दिलेली वेळ पाळणे, पाळता न येणारे गुप्ततेचे वचन न देणे आणि हकिगत वदवून घेण्याची घाई न करणे, या साध्या गोष्टींना उपचाराचे मोल आले. हॅरिस व फॅलट यांनी २००१ मध्ये हेच तत्त्व संपूर्ण संस्थेच्या रचनेला लागू केले.

या विस्ताराचे महत्त्व विशेष आहे. परिचारिकेने दिवसभर जपलेला विश्वास रुग्णालयाच्या एका सक्तीने रात्री नष्ट होऊ शकतो. तेव्हा विश्वासार्हता हा व्यक्तीचा गुण असला, तरी तो टिकविण्याचे दायित्व संस्थेचेच ठरते.