नेटिव्ह कोड, गेम इंजिनातील

युनिटी, अनरिअल, गोडो यांसारख्या इंजिनांत एकदा लिहिलेला खेळ अँड्रॉइड, आयओएस, विंडोज अशा अनेक प्रणालींवर चालतो. मात्र प्रणालीची एखादी सोय इंजिनाने पुरवली नसेल, तर खेळातून थेट त्या प्रणालीसाठी लिहिलेला कोड चालवावा लागतो. हाच नेटिव्ह कोड. युनिटीतील सी-शार्पमधून अँड्रॉइडच्या जावा किंवा कोटलिन कोडपर्यंत पोहोचण्यासाठी ‘अँड्रॉइडजावाऑब्जेक्ट’ वापरतात. त्यामागे जावाला नेटिव्ह कोडशी जोडणारी जेएनआय ही यंत्रणा असते. आयओएसवर ऑब्जेक्टिव्ह-सीमधील फंक्शन सीच्या पद्धतीने उघडे करून ‘डीएलएलइम्पोर्ट’ने जोडतात.

मराठी खेळांत या जोडणीचा कस अक्षरांवर लागतो. ‘नाशिक’ हा शब्द युनिकोडमध्ये न, काना, श, वेलांटी, क अशा पाच चिन्हांत साठवला जातो. वेलांटी साठवतात ‘श’नंतर, दिसायला हवी ‘श’च्या आधी. युनिटीत मजकूर दाखवणारा टेक्स्टमेशप्रो चिन्हे साठवल्या क्रमानेच मांडतो, त्यामुळे वेलांटी ‘क’ला चिकटते आणि वाचणाऱ्याला ‘नाशकि’ दिसते. ‘त्र्यंबकेश्वर’ची जोडाक्षरे तर सुटी होऊन पडतात. यावर एक रूढ तोड अशी, की मजकूर अँड्रॉइड किंवा आयओएसच्या नेटिव्ह कोडकडे द्यायचा, तिथे त्याचे चित्र करवून घ्यायचे आणि ते खेळात लावायचे. अक्षरे शुद्ध उमटतात, तरीही ही तोड चुकीच्या जागी वापरलेली आहे. अक्षरजुळणी हे फाँटमधील नियमांवरून करायचे गणित आहे, त्याला विशिष्ट फोन लागत नाही. २०२३मध्ये आलेल्या गोडो ४ने ‘हार्फबझ’ ही अक्षरजुळणीची मुक्त लायब्ररी इंजिनातच घेतली. अनरिअलही तीच वापरते. उलट चित्राच्या वाटेने गेल्यास एकाच कामासाठी दोन कोड सांभाळावे लागतात. प्रणालीचाच फाँट वापरला, तर अँड्रॉइडवर सहसा नोटो आणि आयफोनवर कोहिनूर येतो. दोन्हींची रुंदी वेगळी, म्हणून एका फोनवर बटणात नीट मावलेला शब्द दुसऱ्यावर बाहेर येतो. शिवाय हा कोड संगणकावरील एडिटरमध्ये चालत नाही, त्यामुळे चूक प्रत्यक्ष फोनवरच कळते.

छोट्या चमूला इंजिन बदलणे परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण ठरलेल्या मजकुराची चित्रे खेळ बांधतानाच तयार ठेवता येतात, आणि बदलत्या मजकुरासाठी हार्फबझ स्वतःच जोडता येते. तोही नेटिव्ह कोडच, हे खरे. पण त्याचा स्रोत सगळीकडे एक असल्याने, फाँटही सोबत दिला की निकालही सगळीकडे एकच येतो.

मग प्रणालीच्या दारी कधी जावे? जी वस्तू प्रणालीच्याच ताब्यात आहे तिच्यासाठी: कीबोर्ड, खरेदी, सूचना, मायक्रोफोनची परवानगी. खेळाडूचा मराठी कीबोर्ड फोनकडूनच मागावा लागतो, त्याला दुसरा मार्ग नाही. अशा ठिकाणी एक प्रश्न आणि एक उत्तर, एवढीच जोडणी असावी. अँड्रॉइडचा पडदा एका थ्रेडवर चालतो, युनिटीचा खेळ दुसऱ्यावर; ‘युनिटीसेंडमेसेज’ने पाठवलेले उत्तर किंचित उशिराने पोहोचते, म्हणून खेळाने त्यासाठी थांबून राहू नये. मजकुराची लांबीही जपावी लागते. ‘नाशिक’ला यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत १५ बाइट लागतात, यूटीएफ-१६मध्ये १०; दिसणारी अक्षरे मोजून जागा ठेवली, तर नाव अर्धवट कापले जाते. खेळ बाजारात आणण्यापूर्वी वेलांट्या आणि जोडाक्षरे असलेली दिंडोरी, सिन्नर आणि त्र्यंबकेश्वर ही तीन नावे दोन्ही प्रकारच्या फोनांवर लिहून, वाचून पाहावीत.